त्याग की हट्ट? ट्रेव्हर नोआ यांच्या 'बॉर्न अ क्राइम'मधली आई

आजच्या पुस्तकाचं नाव तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानावर आलेलं असेल. काहींनी ते वाचलंही असेल. 'बॉर्न अ क्राइम' हे ट्रेव्हर नोआ या दक्षिण आफ्रिकी विनोदी कलाकाराचं आत्मकथन २०१६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालं. नोआंचा जन्म १९८४चा, जोहान्सबर्गचा. आई पॅट्रिशिया नोम्बुयिसेलो नोआ, खोसा समाजातली, काळी. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, गोरे. वर्णभेदाच्या राजवटीत हे दोघं एकत्र येणं हाच अपराध होता, म्हणून पुस्तकाचं हे नाव.

या पुस्तकाबद्दल कुणाशीही बोला, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आईच्या त्यागाची काय विलक्षण कहाणी आहे!" आम्हाला आज या एका वाक्याशीच भांडायचं आहे. ते खोटं आहे असं नाही. पण ते अर्धं आहे, आणि अर्धं वाक्य कधी कधी खोट्यापेक्षा जास्त दिशाभूल करतं. त्याग हा आपल्याकडे आईच्या नावापुढे आपोआप चिकटणारा शब्द. तो एकदा चिकटवला की त्या बाईने नेमकं काय केलं, का केलं, कशाच्या जोरावर केलं, हे विचारायचं राहूनच जातं.

तर आधी कायदा समजून घेऊ. कायदा समजल्याशिवाय या आईचं कृत्य समजणार नाही.

१९२७ साली दक्षिण आफ्रिकेत 'इम्मोरॅलिटी ॲक्ट' आला. गोरे आणि काळे यांच्यातला विवाहबाह्य शरीरसंबंध हा गुन्हा ठरला. शिक्षा पुरुषाला पाच वर्षांपर्यंत, स्त्रीला चार वर्षांपर्यंत कैद. पुढे १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९४९ साली मिश्रविवाहांवर बंदी घातली गेली आणि १९५० साली पूर्वीचा कायदा गोरे आणि सर्वच बिगरगोरे यांना लागू झाला. त्याच वर्षी लोकसंख्या नोंदणीचा कायदा आला. प्रत्येक माणसाच्या कपाळी सरकारने एक वर्ण लिहिला. वस्त्या वेगळ्या करणारा 'ग्रुप एरियाज ॲक्ट'ही १९५०चाच. काळ्या मुलांचं शिक्षण वेगळं आणि हलकं करणारा बांटू शिक्षण कायदा १९५३चा.

ही वर्गवारी किती शास्त्रीय होती म्हणाल, तर संशय आला की केसांत पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल घसरून पडली तर एक वर्ण, अडकून राहिली तर दुसरा. जपानी माणूस व्यापारापुरता मानाचा गोरा आणि चिनी माणूस बिगरगोरा, असाही प्रकार होता. नोआ हे सगळं हसत हसत सांगतात. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. विभाजनाचं तत्त्व एकच असावं आणि वर्ग एकमेकांत मिसळू नयेत, हा वर्गीकरणाचा पहिला नियम. या राजवटीला तो कधीच पाळता आला नाही, कारण पाळण्याजोगं तत्त्वच तिथे नव्हतं. होती ती फक्त सत्ता. म्हणूनच मिश्र रक्ताचं एक मूल या व्यवस्थेला एवढं नकोसं होतं. ते मूल काही बोलत नाही, काही करत नाही, नुसतं असतं. पण त्याच्या असण्यानेच सिद्ध होतं की ज्या रेघेला तुम्ही निसर्गाची रेघ म्हणता, ती तुम्हीच खडूने ओढलेली आहे.

इथे शीर्षकाबद्दल एक छोटी शंका काढतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही खोडच असते. 'जन्मतः गुन्हा' हे शब्द काटेकोर नाहीत. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आईवडिलांनी केला. मूल हा त्या गुन्ह्याचा पुरावा. हा फरक नुसता शाब्दिक नाही, कारण गुन्हेगाराला शिक्षा करतात, पण पुरावा लपवतात किंवा नाहीसा करतात. आता या दृष्टीने पुस्तकातले बालपणीचे प्रसंग वाचा. बागेत फिरायला जायचं तर आई दोन पावलं मागे, मोलकरीण असल्यासारखी. बरोबर मिश्रवर्णीय समाजातली ओळखीची बाई, तीच आई असल्यासारखी. एकदा बागेत लहानगा ट्रेव्हर वडिलांच्या मागे हाका मारत धावला, तर वडील घाबरून पळत सुटले आणि मुलाला वाटलं, खेळ चाललाय. सोवेटोत आजीकडे गेला की त्याला अंगणाबाहेर सोडत नसत, कारण गल्लीत खबरे असत. हे सगळं पुरावा लपवणं आहे. आणि नोआंच्या विनोदाचं मर्म इथे आहे: मुलाला खेळ दिसतो, वाचकाला तुरुंग दिसतो, आणि लेखक दोन्ही एकाच वाक्यात ठेवतो.

आता आईकडे येऊ. मराठीत आईला कुणी अहोजाहो करत नाही, म्हणून आम्हीही पॅट्रिशियाला 'ती'च म्हणणार आहोत. त्यात अनादर नाही.

पॅट्रिशियाचं स्वतःचं बालपण काय होतं? नवव्या वर्षी तिला ट्रान्स्कायमध्ये आत्याकडे पाठवलं गेलं. ट्रान्स्काय म्हणजे काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या तथाकथित 'मायभूमीं'पैकी एक. तिथे एका झोपडीत चौदा भावंडं, शेतातली राबणूक आणि भूक. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून नदीकाठची माती पाण्यात कालवून प्यायली, असं पुस्तकात आहे. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला मिळालं, हे त्यातलं एकच सुदैव. एकविसाव्या वर्षी ती परत आली. टंकलेखन शिकली. जोहान्सबर्गच्या गोऱ्या भागात बेकायदा खोली घेऊन राहिली, आणि कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून येताजाता मोलकरणीचे कपडे घालायची.

आणि मग तिने ठरवलं की आपल्याला मूल हवं. हे नीट ऐका. तिला मूल 'झालं' नाही, तिला मूल हवं होतं. ज्या गोऱ्या मित्राकडे तिने ही इच्छा सांगितली, त्याच्यावर बाप होण्याची सक्ती केली नाही. तिला आपलं स्वतःचं असं माणूस हवं होतं, जिला आजवर स्वतःचं म्हणावं असं काही मिळालंच नव्हतं. याला त्याग म्हणायचं का? आम्हाला वाटतं, याला हट्ट म्हणावं. त्यागात माणूस आपल्याजवळचं सोडतो. या बाईकडे सोडण्यासारखं होतंच काय? तिने उलट मागितलं. कायदा जे देत नव्हता ते तिने घेतलं. म्हणून या पुस्तकातल्या मातृत्वाची सुरुवात वात्सल्यात नाही, ती एका स्वतंत्र बाईच्या इच्छेत आहे.

पुढचं सगळं या हट्टाला धरूनच येतं. खोसा कुटुंबांत नावाला अर्थ असतो आणि तो अर्थ माणसाला वाहावा लागतो. तिचं स्वतःचं नाव नोम्बुयिसेलो, म्हणजे परत देणारी. तिने मुलाला 'ट्रेव्हर' हे नाव दिलं, ज्याला त्यांच्या भाषेत काही अर्थच नाही. कसलंही ओझं नसलेलं नाव. त्याची पहिली भाषा इंग्रजी ठेवली. पुस्तकं आणून दिली. जुन्या फोक्सवॅगनमध्ये घालून त्याला अशा जागी नेलं जिथे त्यांच्या वस्तीतली माणसं जात नसत. शेजारी विचारत, गोऱ्यांच्या या गोष्टी याला कशाला दाखवतेस? तिचं म्हणणं असं की हा जन्मभर या वस्तीतून बाहेर पडला नाही तरी चालेल, पण वस्ती म्हणजे जग नाही एवढं त्याला कळलं पाहिजे.

मित्रहो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. वर्णभेद अजून उभा होता, तो कधी पडेल हे कुणाला ठाऊक नव्हतं. मंडेला सुटले फेब्रुवारी १९९० मध्ये. सर्वांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक झाली एप्रिल १९९४ मध्ये. त्याआधीच ही बाई मुलाला अशा देशासाठी तयार करत होती जो देश अस्तित्वातच नव्हता. स्वातंत्र्य आल्यावर स्वातंत्र्य शिकवणं सोपं असतं. ते नसताना, असल्यासारखं वागून शिकवणं, हे अवघड.

इथे मराठी वाचकाला 'श्यामची आई' आठवणं अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक लेखी आईला त्या आईशेजारी उभं राहावं लागतं. दोघींत साम्य आहे. दोघी गरीब, दोघी श्रद्धाळू, दोघी कडक. पॅट्रिशिया तर रविवारी मुलाला तीन तीन चर्चमध्ये नेते: एक मिश्र लोकांचं, एक गोऱ्यांचं, एक काळ्यांचं. पण फरक मोठा आहे. श्यामची आई मुलाला जगात चांगलं कसं वागावं हे शिकवते. पॅट्रिशियाच्या भोवतालचं जगच वाईट कायद्याने बांधलेलं आहे, तिथे निमूट आज्ञाधारकपणा हा सद्गुण कसा ठरेल? म्हणून तिच्या घरात एक विलक्षण द्वैत आहे. घरात आज्ञा मोडायची नाही. बाहेर सरकारची आज्ञा मानायची गरज नाही. घरातली आज्ञासुद्धा प्रश्न विचारायला मोकळी आहे. आई आणि मुलगा एकमेकांना चिठ्ठ्या लिहून वाद घालतात, अगदी कचेरीतल्या पत्रव्यवहारासारख्या. मुलाने आपली बाजू लेखी मांडायची, आईने लेखी उत्तर द्यायचं. सातआठ वर्षांच्या पोराला युक्तिवाद शिकवण्याची याहून चांगली रीत आमच्या पाहण्यात नाही.

पण याच घरात मारही आहे, आणि भरपूर आहे. इथे आमचं पुस्तकाशी पहिलं खरं मतभेदाचं ठिकाण येतं. आईचं समर्थन असं की मी मारते ते प्रेमाने, बाहेरचं जग मारेल तेव्हा प्रेम नसेल. काळ्या मुलाच्या आईने हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पोलिसांच्या हाती पोर लागण्यापेक्षा आपल्या हातचा मार बरा, हे भयातून आलेलं शहाणपण आहे. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. प्रेमाने दिलेला मार आणि द्वेषाने दिलेला मार, असा भेद हेतूच्या पातळीवर करता येतो. अंगावर मात्र तो एकाच भाषेत उमटतो. नोआ हे सारे प्रसंग धावपळीचे, हास्याचे करून टाकतात. आई मागे, पोरगं पुढे, बघे गोळा. हसू येतं. पण पुढे याच घरात दुसरा मार येणार आहे, आणि या दोन मारांना लेखकाने समोरासमोर कधी बसवलेलं नाही.

तो दुसरा मार सावत्र वडिलांचा. माणूस गाड्या दुरुस्त करणारा, हुशार, बाहेर सगळ्यांचा लाडका. घरात दारू आणि हात उगारणं. पॅट्रिशिया पोलिसांकडे जाते. पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत. नवऱ्याशी हसून बोलतात, बाईलाच समजावतात, घरी पाठवतात. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वेगळी झाल्यावर, २००९ साली, तो तिच्यावर गोळ्या झाडतो. एक गोळी डोक्यात मागून शिरते आणि नाकातून बाहेर पडते. ती वाचते. इस्पितळात ती आपल्याच जखमी चेहऱ्यावर विनोद करते आणि मायलेक रडता रडता हसतात. खटला होतो, आणि तो माणूस तुरुंगात न जाता देखरेखीच्या अटीवर मोकळा राहतो.

हे शेवटचं प्रकरण आहे, आणि इथे आल्यावर वाचकाला आधीची सतरा प्रकरणं पुन्हा वाचावीशी वाटतात. वर्णभेदाची राजवट माणसाच्या कातडीची छटा नोंदवत होती, कोण कुठे झोपलं याच्या चौकशा करत होती. खासगी आयुष्यात घुसण्याला तिला मर्यादा नव्हती. ती राजवट गेली. नवी लोकशाही आली. आणि मार खाणारी काळी बाई ठाण्यात गेली, तेव्हा तिला सांगितलं गेलं की ही तुमची घरगुती बाब. म्हणजे जेव्हा राज्याने घरात शिरू नये तेव्हा ते शिरलं, आणि जेव्हा शिरायला हवं होतं तेव्हा दाराबाहेर उभं राहिलं. दोन्ही वेळा सोसलं एकाच बाईने. आमच्या मते पुस्तकाचं खरं विधान हे आहे. वर्णाची भिंत मोडल्यावरही पुरुषाची भिंत शाबूत होती, आणि ज्या बाईने पहिली भिंत ओलांडली तिला दुसरीने जवळजवळ मारलं.

म्हणूनच 'आईच्या त्यागाची कहाणी' हे वाक्य आम्हाला खटकतं. त्याग म्हटला की सोसणं पवित्र होतं, आणि ठाण्यातला तो हवालदार सुटून जातो.

आता दुसरी गोष्ट, आपल्या घराजवळची. नोआंचा जन्म १९८४चा आणि शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' प्रसिद्ध झालं तेही १९८४ साली. हा योगायोग, पण विचार करायला लावणारा. तिथेही दोन समाजांच्या रेघेवर जन्मलेलं मूल आहे. आई दलित, बाप सवर्ण जमीनदार. 'अक्करमाशी' हा शब्दच मुळी पूर्ण नसलेल्याला, अस्सल नसलेल्याला लावलेली शिवी. पण आपल्याकडे असा जन्म बेकायदा ठरवणारा कायदा नव्हता. उलट राज्यघटना समतेची होती. गुन्हा ठरवला तो गावाने. दक्षिण आफ्रिकेत शरीरसंबंधांवरची आणि मिश्रविवाहांवरची बंदी १९८५ साली उठली, नोआ तेव्हा वर्षभराचे होते. कायदा रद्द करायला एक दिवस पुरला, कारण तो कागदावर होता. जो कायदा कागदावर नाही, तो रद्द कुणी करायचा आणि कुठे?

आणि दोन आयांमधला फरक. मसामाईला निवड होती का? जमीनदारापुढे असहाय असलेल्या बाईला 'मला मूल हवं' किंवा 'नको' म्हणण्याची जागाच नव्हती. पोरांवर तिचाही जीव होता. मग तिचं मातृत्व पॅट्रिशियापेक्षा कमी प्रतीचं म्हणायचं? असं म्हणणारा वाचक दोन्ही पुस्तकं चुकीची वाचतो. पॅट्रिशियाच्या हट्टाला आधार होते: शहर, टंकलेखनाचं कौशल्य, इंग्रजी, दरमहा पगार. हे आधार काढून घ्या आणि तोच हट्ट झोपडीच्या भिंतीवर डोकं आपटत राहील. नोआंनी स्वतः हे प्रामाणिकपणे दाखवलं आहे. त्यांचा पहिला धंदा उभा राहिला तो एका गोऱ्या मित्राने जाताना दिलेल्या सीडी रायटरवर. ॲलेक्झांड्रा वस्तीतली त्यांच्याबरोबरची हुशार पोरं तशीच मागे राहिली. त्या पोरांच्या आया प्रेमात कुठे कमी पडल्या असतील असं मानायला काही कारण नाही.

आजकाल सभांमधून एक सोपा धडा सांगितला जातो: आईने मनावर घेतलं तर परिस्थिती काय करणार! ऐकायला गोड आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की जे मूल वर आलं नाही, त्याच्या आईने मनावर घेतलं नसणार. म्हणजे व्यवस्थेचा दोष पुन्हा एका गरीब बाईच्याच पदरात. या पुस्तकाच्या नावाने तो धडा कुणी सांगू लागलं, तर त्याला हरकत घ्यायला हवी.

पुस्तकाच्या बांधणीबद्दल थोडं बोलून आटोपतं घेतो. एकूण अठरा प्रकरणं. प्रकरणांच्या आधी छोटी टिपणं आहेत, त्यांत कायदा आणि इतिहास. मग प्रकरणात गोष्ट. हा सांधा कधी कधी उघडा पडतो. टिपणं परदेशी वाचकाला पाठ शिकवल्यासारखी वाटतात, आणि रंगमंचावर टाळ्या घेणारी वाक्यं कागदावर जरा जास्त चकाकतात. वडिलांचं चित्रही पुसट राहिलं आहे. पण विनोदाला आमची हरकत नाही. अन्यायाविषयी लिहिताना गंभीरच असलं पाहिजे, हा समज बरेचदा त्यांचा असतो ज्यांनी अन्याय लांबून पाहिला. या घरात हसणं हे जगण्याचं साधन होतं, भाकरीसारखं. आणि गोळीबाराचं प्रकरण शेवटी ठेवणं हा लेखकाचा सर्वात जबाबदार निर्णय. ते पहिलं आलं असतं तर आपण पॅट्रिशियाला बळी म्हणून भेटलो असतो. शेवटी आल्यामुळे आपण तिला आधी माणूस म्हणून ओळखतो: हट्टी, विनोदी, धर्मवेडी, वाद घालणारी. आणि मग त्या माणसावर गोळी झाडली जाते.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. ज्यांनी वाचलं असेल त्यांनी एकदा शेवटचं प्रकरण आधी वाचून, मग पहिल्याकडे यावं. पहिल्या प्रकरणात ही आई दोन मुलांना वाचवण्यासाठी चालत्या मिनीबसमधून एकाला बाहेर ढकलते आणि तान्ह्याला कवटाळून स्वतः उडी मारते. पहिल्या वाचनात आपण तिथे हसतो. दुसऱ्या वाचनात आपल्याला विचारावंसं वाटतं की एका बाईला मुलं जिवंत ठेवण्यासाठी चालत्या गाडीतून उडी का मारावी लागावी, आणि ती गाडी कोण चालवत होतं. हा प्रश्न घेऊन घरी गेलात, तर आजचा हा तास वाया गेला नाही असं आम्ही समजू.

आम्ही इथे थांबतो. तुमचे प्रश्न ऐकायला बसलोच आहोत.